जोडीची दौड

वाचकहो, या पाठात एका लांब दौडीची माहिती आहे. ती दौड कुठून आली, आपल्याकडचे कोण तीत पळाले, आणि अंगात दुखणे असलेल्या माणसाने पळायचे झाले तर काय सांभाळावे, हे आपण पाहू. पाठ सावकाश वाचा. एका बसणीत झाला नाही तर दोन दिवसांत वाचा. दौडसुद्धा अशीच, थोडी थोडी पुरी करायची असते.

मॅरेथॉन म्हणजे काय?

'मॅरेथॉन' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हल्ली तालुक्याच्या गावीही मॅरेथॉन भरते. पाच किलोमीटर पळाले तरी लोक तिला मॅरेथॉनच म्हणतात. पण खरी मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. कोल्हापूरहून निपाणी जवळजवळ तेवढी लांब पडते. आपण एस.टी.त बसून जातो तेवढी वाट पायांनी पळत जायची. याच्या निम्मे अंतर म्हणजे अर्धी मॅरेथॉन. ती एकवीस किलोमीटरांची. म्हणजे कोल्हापूरहून पन्हाळा गाठण्यासारखे झाले.

मॅरेथॉन हे ग्रीस देशातल्या एका गावाचे नाव आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे मोठी लढाई झाली. लढाई जिंकल्याची बातमी घेऊन एक जासूद अथेन्स शहरापर्यंत पळत गेला, बातमी सांगितली आणि प्राण सोडला, अशी दंतकथा आहे. त्या कथेवरून १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिक सामन्यांत ही दौड ठेवण्यात आली. पहिला आला स्पिरिदोन लुईस. तो कुणी सरदार नव्हता. अथेन्सजवळच्या खेड्यातला, पाणी वाहून नेणारा साधा माणूस होता.

त्या वेळी अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडनला दौड झाली. ती राजवाड्यापासून निघून मैदानात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची ठरली. ते अंतर भरले ४२ किलोमीटर १९५ मीटर. पुढे १९२१ साली तेच अंतर सगळ्या जगासाठी कायम झाले.

त्याच १९०८ च्या दौडीतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इटली देशाचा दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या पुढे मैदानात शिरला. पण त्याचे भान हरपले होते. तो उलट्या दिशेला वळला. पडला, उठला, पुन्हा पडला. लोकांना राहवले नाही. त्यांनी त्याला हात देऊन उठवले आणि शेवटच्या रेषेपार नेले. नियम असा, की दुसऱ्याची मदत घ्यायची नाही. त्याचा पहिला नंबर गेला. पण त्याची हिंमत पाहून इंग्लंडच्या राणीने त्याला वेगळा चषक दिला.

आपल्याकडचे दोघे

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पुण्याला डेक्कन जिमखाना नावाची जुनी संस्था आहे. १९१९ च्या सुमारास तिथे सामने झाले. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. त्या सामन्यांत खेड्यापाड्यांतले शेतकरी गडी अनवाणी पळाले. पायांत बूट नाहीत, शिकवणारा कुणी नाही, तरी त्यांची चाल पाहून दोराबजी थक्क झाले. हे गडी जगाच्या सामन्यांत का जाऊ नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले. पैशाची जुळवाजुळव झाली. १९२० साली बेल्जियम देशातल्या अँटवर्प शहरी आपले खेळाडू गेले.

त्यांत मॅरेथॉन पळणारे दोघे होते. एक बेळगावचे फडेप्पा चौगुले. दुसरे सदाशिव दातार. चौगुले यांनी दौड पुरी केली. त्यांना २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले आणि त्यांचा नंबर एकोणिसावा आला. पहिला आलेला फिनलंड देशाचा कोलेमाइनेन यास २ तास ३२ मिनिटे लागली होती. त्या वर्षीची वाट नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होती, हेही ध्यानात घ्या. समुद्रापलीकडचा मुलूख, परकी हवा, परके अन्न. तिथे जाऊन एकोणिसावा नंबर आणणे ही लहान गोष्ट नव्हे.

दातार यांची दौड मात्र पुरी झाली नाही. ते मध्येच थांबले. पण पुस्तकात नाव दोघांचेही आहे. या गोष्टीकडे पुढे पुन्हा येऊ.

मुंबईची दौड

मुंबई शहरात २००४ सालापासून मोठी मॅरेथॉन भरते. जानेवारी महिन्यात, रविवारी, पहाटे अंधारात ती सुरू होते. हजारो माणसे पळतात. परदेशांतले नामांकित धावपटू येतात, तसे बँकेतले कारकून येतात, शाळेतल्या बाई येतात, आजोबा-आजीही येतात. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात मोही नावाचे दुष्काळी गाव आहे. तिथली ललिता बाबर या दौडीत भारतीय बायकांत पहिली आली. पुढे २०१६ साली ब्राझील देशातल्या रिओ शहरी ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत तिने शेवटच्या फेरीपर्यंत मजल मारली.

सगळ्यांनी ४२ किलोमीटर पळायचे असे नाही. अर्धी मॅरेथॉन असते. अपंगांची वेगळी असते. म्हाताऱ्या माणसांसाठी चार-साडेचार किलोमीटरांची वेगळी असते. ज्याची जेवढी कुवत, तेवढी त्याची वाट.

आधी डॉक्टर, मग रस्ता

आता आमचे थोडे सांगतो. आम्ही शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. साठी उलटली आहे. आम्हांला रक्तदाब आहे. रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते. आमचे एक मित्र आहेत. गल्लीत त्यांना सारे आबा म्हणतात. ते शेतकरी. आबांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. ऊस पिकवायचा, गुऱ्हाळावर गूळ करायचा, आणि तोंडात घालायचा मात्र नाही, अशी त्यांची तऱ्हा.

डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितले होते. म्हणून आम्ही रोज पहाटे रंकाळ्यावर जाऊ लागलो. चालता चालता पळू लागलो. आबांचा पुतण्या मुंबईला नोकरीला आहे. तो एकदा म्हणाला, "काका, मुंबईची अर्धी मॅरेथॉन पळा की दोघं."

आबा म्हणाले, "मास्तर, तालमीत लाल माती लावली तवा कुणाला भ्यालो न्हाई. आता ह्या साखरंला भ्यायचं व्हय?"

आम्ही म्हणालो, "आबा, भ्यायचं नाही. पण विचारल्याशिवाय निघायचंही नाही."

प्रथम डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हृदयाचा आलेख काढायला लावला. यंत्राच्या पट्ट्यावर चालवून, छाती कशी धडधडते ते पाहिले. आमचा रक्तदाब मोजला. आबांची साखर तपासली, डोळे तपासले, तळपाय तपासले. तळपाय कशाला, असे तुम्ही विचाराल. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. खडा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून मधुमेहाच्या माणसाने अनवाणी पळू नये. बूट सैल नको, घट्टही नको. पळून आल्यावर रोज तळपाय पाहावेत. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरच्या माणसाला दाखवावेत.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली. पळताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणूनच व्यायामाने मधुमेह आटोक्यात राहतो. पण साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचे कामही त्याच वेळी चालू असते. दोन्ही एकदम झाले की साखर फार खाली जाऊ शकते. साखर वाढली तर नुकसान हळूहळू होते. साखर एकदम उतरली तर माणूस घटकेत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून गोळी किती घ्यायची, कधी घ्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजाऱ्याने सांगितले म्हणून गोळी सोडायची नाही, वाढवायचीही नाही.

रंकाळ्यावरची शाळा

वर्षभर तयारी केली. सुरुवातीला एक मिनिट पळायचे, चार मिनिटे चालायचे. पुढे पळणे वाढवले, चालणे कमी केले. दर आठवड्याला थोडेसेच अंतर वाढवायचे. आठवड्यातून दोन दिवस विसावा. आबा कधी कधी हट्टाला पेटत. मग आम्ही म्हणायचो, "आबा, उसाला एकदम सगळं पाणी सोडलं तर काय होतं?" ते हसून थांबायचे. मध्येच दहा किलोमीटरांची एक दौडही पुरी केली.

जोडीने पळण्याचा मोठा फायदा आहे. पळताना दोन वाक्ये सहज बोलता आली पाहिजेत. बोलता आले तर वेग बरोबर. धाप लागून बोलणे तुटू लागले तर वेग जास्त, कमी करा. ही बोलण्याची कसोटी. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. सोबती मात्र लागतो. आम्ही शाळेच्या गोष्टी सांगायचो. आबा भावकीच्या, बैलांच्या, साखर कारखान्याच्या बिलाच्या गोष्टी सांगायचे. एक गप्प झाला की दुसऱ्याने विचारायचे, "काय झालं?"

पाण्याचेही शिकलो. कमी पाणी वाईट, तसे फार पाणीही वाईट. घामातून मीठ जाते. वर नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते. डोके दुखते, उलटी होते, झटकेही येतात. अमेरिकेतल्या बोस्टन शहरी २००२ च्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरातल्या तेरा जणांत मीठ कमी निघाले. म्हणून तहान लागेल तसे, घोट घोट प्यावे.

आणि रंकाळ्यावरच आम्ही एक नियम केला. जोडीने निघायचे, जोडीने परतायचे. एकाला त्रास झाला तर दोघांनी थांबायचे.

कागदाच्या पाठीवर

मुंबईच्या दौडीत छातीवर लावायला नंबराचा कागद देतात. त्याच्या पाठीमागे लिहायचे असते: नाव, वय, आजार, आणि घरच्या माणसाचा फोन. माणूस बेशुद्ध पडला तर डॉक्टर तो कागद उलटून वाचतात.

आबा रात्रीच्या वर्गात शिकले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते. पुतण्या म्हणाला, "आणा काका, मी लिहितो." आबांनी कागद दिला नाही. मांडीवर पुठ्ठा घेऊन त्यांनी स्वतः लिहिले. 'मधुमेह' हा शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागला. 'धु'चा उकार त्यांनी दोनदा तपासून पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, आता मी पडलो तरी कागूद बोलंल."

वाचकहो, लिहिता येण्याचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर ही गोष्ट सांगा.

पेडर रोडचा चढ

२१ जानेवारी २०२४, रविवार. रात्रीच्या गाडीने आम्ही आदल्या दिवशीच मुंबईला पोहोचलो होतो. अर्धी मॅरेथॉन माहीमहून सुटते. समुद्रावरच्या लांब पुलावरून वरळीकडे येते. मग हाजी अली, पेडर रोड, समुद्राच्या कडेचा मरीन ड्राइव्ह, आणि मग शेवट. निघण्याआधी आबांनी पोटात थोडे घातले. साखर मोजली. ती ठीक होती.

पुलावर अंधार होता, वारा होता. खाली समुद्र, दूरवर दिवे. आबा म्हणाले, "पंचगंगेच्या पुलासारखा पूल न्हवं ह्यो. संपंचना." हाजी अलीपर्यंत बोलणे चालू होते. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे. कुणी टाळ्या वाजवतो, कुणी संत्र्याच्या फोडी देतो, कुणी बिस्किटे. लहान पोरे हात पुढे करून टाळी मागत होती.

मग पेडर रोडचा चढ लागला. दोन तास उलटून गेले होते. आबा गप्प झाले. आम्ही विचारले, "आबा, यंदा उसाची तोड कधी?" उत्तर नाही. पुन्हा विचारले. आबा भलतेच काही बोलले. अंगावर गार घाम होता. बोटे थरथरत होती.

आम्ही त्यांना कडेला बसवले. खिशात पुडी होती. आबांच्याच गुऱ्हाळावरच्या गुळाचे खडे. ज्या गुळाची आठ वर्षे बंदी, तोच गूळ आता औषध झाला. शुद्धीत होते, गिळता येत होते, म्हणून तोंडात दिला. एका मुलाने धावत जाऊन डॉक्टरांना आणले. त्यांनी बोटातून थेंब काढून साखर पाहिली. ६२. सत्तरच्या खाली गेली की कमी समजतात. आणखी साखरपाणी दिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली. १०१. आबांची नजर ठिकाणावर आली. "उसाची तोड फेब्रुवारीत," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आज इथंच थांबा. एकदा उतरलेली साखर पळताना पुन्हा उतरू शकते."

आबा आमच्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी जावा फुडं. थोडंच ऱ्हायलंय. माज्यापायी तुमचं पदक जायाला नगं."

खरे सांगायचे तर पाय पुढे जायला ओढत होते. वर्षभर पहाटे उठलो होतो. उतार लागला की समुद्र दिसणार, मग सपाट रस्ता. अंगात दम होता. पण रंकाळ्यावरचा नियम आठवला. नियम काही सोप्या दिवसासाठी केलेला नसतो. आम्ही बूट सैल केले आणि आबांच्या शेजारी फुटपाथावर बसलो. समोरून माणसे पळत होती. आम्ही दोघांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पदक मिळाले नाही. घरी आल्यावर आबा जरा उदास होते. त्यांची मालकीण म्हणाली, "पदक कोनाड्यात ठिवायचं. मानूस उंबऱ्याच्या आत आलं, त्ये बास झालं."

तेव्हा आम्ही आबांना फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार यांची गोष्ट वाचायला दिली. एक शेवटपर्यंत गेला, एक मध्ये थांबला. पण दोघांनाही देशाने पाठवले होते आणि दोघेही पळाले. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

१९ जानेवारी २०२५ ला आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने म्हाताऱ्यांच्या लहान दौडीत नाव घातले. ती दौड दोघांनी बोलत बोलत पुरी केली. आबा म्हणाले, "दीड कोस का असंना, पन पुरा."

हे लक्षात ठेवा

१. चाळिशी उलटली असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे दुखणे असेल, तर पळायला लागण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

२. पळताना छातीत दाब किंवा कळ आली, ती हातात किंवा जबड्यात गेली, गार घाम फुटला, चक्कर आली, तर तिथेच थांबा. जरा पुढे जाऊन पाहू, असे म्हणू नका. १०८ या नंबरावर फोन करा. रुग्णवाहिका येते, पैसे पडत नाहीत.

३. मधुमेहाच्या माणसाने जवळ साखर किंवा गूळ ठेवावा. थरथर, घाम, भलते बोलणे दिसले की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. गरज पडली तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. घशात अडकते. लगेच दवाखाना गाठावा.

४. ताप असेल, रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी पळू नका.

५. खिशात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर आपले नाव, आजार, गोळीचे नाव आणि घरचा फोन लिहा. शेताला जाताना, बाजाराला जातानाही ती जवळ असू द्या.

६. शक्यतो एकटे पळू नका. सोबती पाहा.

कठीण शब्द

जासूद – निरोप पोचवणारा माणूस
दंतकथा – तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट
संवेदना – स्पर्श, दुखणे कळण्याची शक्ती
आलेख – रेघांनी काढलेले चित्र
कुवत – शक्ती, ताकद

प्रश्न

१. मॅरेथॉन किती लांब असते? तुमच्या गावापासून तेवढ्या अंतरावर कोणते गाव आहे?
२. फडेप्पा चौगुले कोणत्या साली, कोणत्या शहरी पळाले? त्यांचा नंबर कितवा आला?
३. बोलण्याची कसोटी म्हणजे काय?
४. मधुमेहाच्या माणसाने अनवाणी का पळू नये?
५. पेडर रोडवर मास्तर पुढे का गेले नाहीत? तुम्ही असता तर काय केले असते? वर्गात बोला.
६. वहीचे एक पान घ्या. वर सांगितलेली चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहा. घरात कुणाला आजार असेल तर त्यांचीही लिहून द्या.